तात्यांच्या नावचं खातं

अहो वहिनी, थांबा की जरा. आत पळू नका. मला कळतंय तुम्हाला काय विचारायचंय ते. काल सकाळी आमच्या दारात गुरुजींची मोटारसायकल, दुपारी पंगत, आणि तीनच्या सुमाराला घरातनं असलं हसू की तुमचं कुत्रं भुंकायला लागलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी एवढं कोण हसतं? समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी तर आमच्या कामवाल्या मावशींना गाठून विचारलं म्हणे, "वाटणी झाली काय ग आज? हिस्सा बरा आलेला दिसतोय." वाटणी कसली डोंबलाची! तात्यांनी मागं ठेवलंय काय, तर एक पेटी, तीन उपरणी आणि अर्ध्या सांगलीकडनं यायची उधारी. ती पण तोंडी.

आणि हसवलं कुणी माहितीये? काकूंनी. हो, आमच्याच काकूंनी, ज्या तुमच्याशी अजून चार वाक्यं बोललेल्या नाहीत त्या. तुम्हाला वाटलं असेल म्हातारी कडक आहे. आहेच. नगरपालिकेच्या शाळेत जन्मभर चौथीचा वर्ग सांभाळलाय त्यांनी. पण काल त्यांनी ट्रंकेतनं एक वही काढली आणि... नको, ते मागनं सांगते. आधी तात्या काय चीज होती ते कळल्याशिवाय त्या वहीत गंमत नाही. दूध नाही ना गॅसवर? मग टेका भिंतीला.

तात्या म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे काका. सासरे फार लवकर गेले. ह्यांना वाढवलं ते ह्या दोघांनीच, तेव्हा मला सासू-सासरे हेच. तात्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला हळद म्हणजे मिसळणाच्या डब्यातली चमचाभर. इथं ती पोत्यांनी येते आणि देशभर जाते. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तात्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, जसं काही मानांकन त्यांनाच मिळालंय. राजापुरी हळदीची हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे, त्या राशींमध्ये दिवसभर उभं राहायचं आणि सौदे लिहायचे. संध्याकाळी माणूस घरी यायचा तो केसांपासून धोतराच्या सोग्यापर्यंत पिवळा. पाकिटातल्या नोटासुद्धा पिवळ्या. काकूंनी त्यांचे कपडे कधी दुसऱ्यांच्या कपड्यांत भिजवले नाहीत. कुणाच्या घरी लग्न निघालं की तात्या सांगायचे, "हळद आणू नका, मला बादलीत बसवा."

पण यार्ड पोटापुरतं. जीव सगळा नाटकात. आता सांगलीत नाटकाचं वेड नसलेला माणूस शोधावा लागतो म्हणा, पण ह्यांचं अंमळ जास्तच. विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला 'सीता स्वयंवर' केलं ते इथं, सांगलीच्या सरकारांपुढं. ही गोष्ट तात्या अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पडदा ओढायला हेच होते. दर 5 नोव्हेंबरला इथं विष्णुदास भावे पदक देतात, नावाजलेले नट येतात. तात्या इस्त्रीचं उपरणं घालून थेट पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. ती रांग पाहुण्यांची, ह्यांना कोण बसू देणार? पण उठवायला कुणी कार्यकर्ता आला की हेच त्याला विचारायचे, "व्यवस्था सगळी नीट आहे ना? पाहुण्यांना चहा मिळाला?" तो बिचारा होय होय करत मागं सरायचा.

गणपतीत गावभागात नाटकं बसायची. आम्ही तेव्हा तिकडं राहायचो, नदीच्या अंगाला, जुन्या वाड्यात. तात्या नाटकात असायचेच, पण नायक कधी नाही. नाक तसं, पोट असं, नायक कोण करणार? 'संशयकल्लोळ'मधला भादव्या मात्र त्यांचा, फाल्गुनरावाचा गडी. नाटक देवलांचं आणि देवल आपल्या हरिपूरचे, त्यामुळं हे त्यांना 'आमचे देवल' म्हणायचे आणि त्यांच्या नाटकात मनाला येतील ती वाक्यं घुसडायचे. तालीम घेणाऱ्या मास्तरांनी रागावून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "देवल असते तर हसले असते." ह्याच्यावर मास्तरांनी काय बोलावं?

एका वर्षी काय झालं, काकूंच्या माहेरचा तांब्याचा तांब्या घरातनं नाहीसा झाला. नाव कोरलेला, लग्नातला. सगळं घर उलथंपालथं. भांडीवालीवर संशय, बोहारणीवर संशय, नळ दुरुस्त करून गेलेल्या माणसावरसुद्धा संशय. आणि नाटकाच्या रात्री काकू तिसऱ्या रांगेत बसलेल्या असताना भादव्या मालकांसाठी पाणी घेऊन आला, तो त्याच तांब्यातनं. काकू ताडकन उभ्या राहिल्या. शाळेतला आवाज तो! "अहो, तो माझ्या माहेरचा तांब्या!" प्रेक्षागृह गप्प. तात्यांनी एकदा तांब्याकडं बघितलं, एकदा काकूंकडं, आणि फाल्गुनरावाला म्हणाले, "धनी, बघितलंत? हिथं तर आता तांब्यावरनंपण संशय!" लोकांनी बाकं वाजवली. पुढं कित्येक जणांना ते वाक्य मूळ नाटकातलंच वाटायचं. काकू त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत असं तात्या सांगायचे. काकू म्हणतात, दसऱ्यापर्यंतच.

गाणं? गाण्याचं विचारूच नका. आवड मोठी, सूर नावाला नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीत सभा होते. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांना तिथंच ठेवलंय. चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे गवई येऊन हजेरी लावून जातात, रात्र रात्र गाणं चालतं. तात्यांनी ती सभा कधी चुकवली नाही. सकाळी तांबारलेले डोळे घेऊन यायचे, आंघोळ करायचे आणि रात्रभर ऐकलेलं सगळं पेटीवर काढायला बसायचे. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला देवदर्शनाची आठवण यायची.

पेटी बिघडलीय, ही त्यांची जन्मभराची तक्रार. शेवटी एकदा मिरजेला घेऊन गेले. तिथं सतार-तंबोरे करणाऱ्यांची अख्खी गल्लीच आहे, पिढ्यान् पिढ्या तेच काम. त्यांतल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या कारागिरानं पेटी उघडली, भाता बघितला, एकेक पट्टी दाबून बघितली, तासभर घातला आणि हळूच म्हणाला, "तात्या, पेटीला काहीसुद्धा झालेलं नाही." ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली? कारागिरानं नाही. तात्यांनीच, बसस्टँडवरनं घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत आले.

ती पेटी म्हणजे काकूंची सवत. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला ना, तेव्हा काकू नव्या नवरी. भांडी फळीवरनं खाली, वाडा कडकडतोय, लोक अंथरुणातनं उठून रस्त्यावर. तात्या धावत बाहेर आले तेव्हा त्यांच्या काखेत पेटी! काकू मागनं आल्या, केस मोकळे, पायात चप्पल नाही. चौकात सगळ्या गल्लीसमोर विचारलं त्यांनी, "मी कुठं होते ते बघितलंत का?" तात्या म्हणाले, "तुला पाय आहेत. हिला कुठायत?" काकूंनी हे वाक्य त्यांना आयुष्यभर ऐकवलं. भाजीत मीठ जास्त झालं, त्यांनी तोंड वाकडं केलं की ह्या म्हणायच्या, "पेटीला सांगा करायला."

तमाशाचं पण वेड होतंच. कवलापूर इथनं जवळ, काळू-बाळूंचं गाव. ते दोघे जुळे भाऊ हवालदार होऊन आले की लोक बसल्या जागी लोळायचे म्हणे. आम्हा बायकांना तेव्हा तमाशाला कोण नेतंय? मग दुसऱ्या दिवशी वाड्याच्या ओसरीवर तात्या एकटेच दोन्ही भाऊ. खांबाच्या अलीकडं टोपी घालून काळू, पलीकडं टोपी काढून बाळू. पळून पळून धाप लागायची, पण दोघांचं भांडण अर्ध्यात सोडायचे नाहीत. मी अजून खरा खेळ बघितलेला नाही, आणि आता बघावासा वाटत नाही.

बरं, आयर्विन पूल बघितलात की नाही तुम्ही? 1929 सालचा. सांगलीत राहायचं तर एक शिकून ठेवा, पावसाळ्यात कुणी भेटलं की तब्येत विचारायच्या आधी विचारायचं, "आयर्विनला किती फूट?" चाळीस म्हणजे सावध, पंचेचाळीस म्हणजे धोका. पाणी चढलं की तरणी पोरं पुलावरनं उड्या टाकतात. पोलीस हाकलतात, पोरं परत येतात. तात्या त्या पोरांतले, फक्त वयानं त्यांना पोरांतनं काढलं तरी ते निघाले नाहीत. साठीची शांत होती त्यांची. श्रावण महिना, होम पेटलेला, काकू हिरवा शालू नेसून पाटावर, आणि शेजारचा पाट रिकामा. गुरुजी विचारतायत, यजमान कुठायत? कुणी बोलेना. शेवटी गल्लीतलं एक शेंबडं पोर म्हणालं, "तात्या पुलावर गेल्यात." तासाभरानं आले, धोतर ठिबकतंय, डोक्यात शेवाळ. काकूंनी नुसतं बघितलं. हे म्हणाले, "सचैल स्नान करूनच बसायचं होतं ना, गुरुजी?" आणि बसले. होमाची अर्धी लाकडं त्या धोतरानं विझवली.

आता खरं सांगू का वहिनी, हे ऐकायला बरं वाटतं. तुम्ही हसताय, मी पण हसते. पण त्या पाटावर तासभर एकटीनं बसलेली बाई कुणी बघत नाही. मी त्या दिवशी स्वयंपाकघरातनं बघत होते.

तात्या गप्प झालेले मी एकदाच बघितले. 2005 चा पूर. जुलै संपता संपता पाणी आलं आणि बघता बघता वाड्याचा खालचा मजला गेला. आम्ही माडीवर. होडी आली तेव्हा तात्यांनी आधी काकूंना उतरवलं, मग मुलांना, मग मला, आणि सगळ्यात शेवटी पेटी. काकूंनी होडीतनं वर बघून विचारलं, "आज हिचे पाय उगवले वाटतं?" 38 वर्षं वाट बघितली होती त्यांनी ह्या वाक्याची! तात्या तेव्हा हसले. होडीवाल्याला विचारलंसुद्धा, "हरिपूरपर्यंत काय घेणार? सहा सवारी आणि एक सामान."

हरिपूरचं मात्र हसू झालं नाही. तिथली पेवं तुम्ही ऐकली नसतील. हळद साठवायला जमिनीत खोल खड्डा घेतात, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आत उसाचा पाला लावतात, हळद भरतात आणि वरनं मातीनं बंद करतात. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडताना लगेच कुणी आत उतरायचं नसतं, आधी हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा, तो जळत राहिला तर माणूस उतरवायचा. तिथली माती तसली आहे म्हणून ते जमतं. त्या पुरात किती पेवांत पाणी शिरलं! हळद कुजली, व्यापारी बसले, शेतकरी बसले. तात्यांची पण थोडी पोती होती, निवृत्तीची पुंजी म्हणून ठेवलेली, भाव आला की काढायची होती. पाणी उतरल्यावर बघून आले आणि काही दिवस ओसरीवर नुसते बसून. कुणी विनोद केला तरी मान हलवायचे, तेवढंच. तेव्हा पण घर काकूंच्या पेन्शनवर चाललं. त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. फक्त एक दिवस पेटी पुसून पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "वाजवा. देवळात जायला निमित्त नाही कुणाला." तुम्हाला सांगते, त्या दिवशी इतकं बेसूर वाजवलं त्यांनी, आणि गल्लीत एक माणूस उठून गेला नाही.

मग वाडा विकला आणि इकडं विश्रामबागेत आलो. 2019 ला परत पाणी आलं, आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातले सगळे ओळखीचे आमच्याकडं मुक्कामाला. हॉलमध्ये, जिन्यात, गच्चीच्या पायरीवर माणसं झोपलेली. तात्या तेव्हा पुष्कळ थकलेले, पण रात्री सगळ्यांना भूकंपाची गोष्ट सांगायला बसले. ज्यांच्या घरात गळ्याइतकं पाणी होतं ती माणसं हसत होती. ही भिंतीतली वीट दिसतेय ना निघालेली, ती पण त्यांचीच करणी. तुमच्या आधीच्या भाडेकरूंकडनं आमटीची वाटी यायची ती वरनं देताना सांडायची, म्हणून काढली. घरमालकांना सांगू नका, त्यांना वाटतंय पावसानं पडली.

गेले तेही गडबड न करता. दुपारी चहा मागितला, चहा येईपर्यंत संपलं. दहाव्याला सगळ्यांना धास्ती, ह्यांच्या इच्छा काय कमी राहिल्या असतील, कावळा दिवसभर शिवायचा नाही. कसलं काय, पान ठेवून माणूस मागं वळतोय तोवर कावळा हजर. ह्यांचे मित्र म्हणाले, जेवणाच्या बाबतीत तात्यांनी कुणाला कधी ताटकळत ठेवलेलं नाही.

तर काल. पंगत उठली, गुरुजी गेले, घरातलीच माणसं राहिली. बेळगावहून आमच्या नणंदबाई आलेल्या, ह्यांचे आतेभाऊ होते, नाटकातली दोन म्हातारी मंडळी होती. तात्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. प्रत्येक जण आपली सांगतोय, दुसऱ्याची दुरुस्त करतोय. तांब्याची गोष्ट निघाली. एक जण म्हणाला, त्या रात्री तात्यांनी तांब्या फेकला होता प्रेक्षकांत. दुसरा म्हणाला, छे, हातातनं पडला. आणि कोपऱ्यात बसलेल्या काकू उठल्या, आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि ही जाड वही घेऊन बाहेर आल्या. चष्मा लावला. म्हणाल्या, "पडला. पोचा आला होता. काढायला दीड रुपया पडला. 1974."

आम्हाला कुणाला ठाऊकच नाही हो! सख्ख्या मुलीला नाही! लग्न झाल्यापासून काकूंनी घरखर्च लिहिलाय. दूध, किराणा, शाळेची फी, सगळ्याची वेगळी पानं. आणि तात्यांच्या नावचं एक स्वतंत्र खातं. वर मथळा काय? 'करमणूक.'

मग काय, वाचायला लागल्या. चौथीच्या वर्गात धडा वाचावा तशा, चेहरा एक रेघ न हलवता. 'मिशी चिकटवायचा डिंक, चार आणे. मिशी सोडवायला खोबरेल, सहा आणे.' 'पेटी दुरुस्ती, मिरज: काही नाही. दोष नव्हता. जाण्यायेण्याचा खर्च आणि पेढे, सहा रुपये.' 'साठीशांत: लाकडं दुसऱ्यांदा.' दर भाद्रपदात एक नोंद असायचीच, 'चोर गणपती, लाडू.' तुम्हाला चोर गणपती माहीत नसेल. आपल्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गाजावाजा न करता गणपती बसतो, म्हणून चोर गणपती. तात्यांनी मुलांना सांगून ठेवलं होतं की त्या रात्री तो घरोघरी लाडू न्यायला येतो. दर वर्षी डब्यातले लाडू जायचे आणि मुलं हात जोडायची. काकूंना सगळं ठाऊक. पहिल्या वर्षी लाडू पाच, मग सात, मग अकरा. शेवटी शेवटी परत दोन. पुढं कंसात लिहिलेलं, 'साखर वाढली आहे.' कुणाची ते लिहिलं नव्हतं.

लोक डोळे पुसत होते हसून. आणि मग एक पान आलं. 1978. 'पाटल्या, दोन, गहाण. शारदा.'

हसू थांबलं. तात्यांनी त्या वर्षी 'शारदा' बसवलं होतं, चांगलं थिएटर घेऊन, भाड्याचे पडदे, दिवे, साथीदार. ऐन प्रयोगाच्या दिवशी पाऊस कोसळला, तिकिटं गेली नाहीत. देणेकरी दारात उभे. काकूंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. घरात कुणाला कळलं नाही, शाळेत विचारलं तर सांगायच्या, बारीक झालेय, सैल होतात. दोन पानांनंतर 'पाटल्या सोडवल्या' अशी नोंद आहे, व्याजासकट, आणि ते पैसे पण काकूंच्याच शिकवण्यांचे. नणंदबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आमचे हे मान खाली घालून बसले. मला विचाराल तर मला राग आला, अजून आहे. हौस करणारा माणूस गावाचा लाडका होतो, आणि घरातलं दुसरं माणूस कडक म्हणून ओळखलं जातं, कारण हौसेची बिलं त्याच्याकडं येतात. मी बोलून पण गेले. म्हटलं, "काकू, तुम्ही कशाला दिल्यात? सांगायचं ना, तुमची नाटकं तुम्ही निस्तरा."

काकूंनी चष्म्यावरनं बघितलं माझ्याकडं. म्हणाल्या, "त्या प्रयोगाला पस्तीस माणसं होती, त्यांतली एक मी. चांगलं झालं होतं ग. माझ्या पैशानं बघितलं मी नाटक, फुकट्यांतली नव्हते." आणि पान उलटलं.

शेवटचं पान गेल्या वर्षीचं. डॉक्टरांनी तात्यांचं तिखट बंद केलेलं, तेलकट बंद केलेलं. आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून पहारा करतोय, फरसाण कुलुपात, मिरच्या वरच्या फळीवर. शेजारीपाजाऱ्यांनापण बजावून ठेवलेलं. आणि काकू वाचतायत, 'शनिवार. भेळ, ओली, दोन.' पुढचा शनिवार, 'भेळ, दोन.' त्याच्या पुढचा, 'भेळ, दोन. मिरची जादा.' म्हणजे दर शनिवारी हे दोघं मारुतीच्या दर्शनाला म्हणून जायचे ते! नणंदबाई ओरडल्याच, "आई, तू? तूच आणून देत होतीस? आणि दोन कशाला? दोन दोन खायचे ते?"

काकू म्हणाल्या, "एक माझी."

तेच ते हसू, तीन वाजताचं, तुमचं कुत्रं भुंकलं ते. त्या नाटकातल्या म्हाताऱ्यांनी तर बाकं नव्हती म्हणून सोफा वाजवला. मला एवढंच वाटलं, इतकी वर्षं आम्ही समजत होतो घरात एक नट आहे आणि एक मास्तरीण. नट दोन होते, आणि दुसरीनं टायमिंग जास्त चांगलं सांभाळलं.

चला, माझे चुरमुरे उन्हात पडलेत. भडंगाला आधी कडक ऊन द्यावं लागतं, नाहीतर मऊ पडतात. तुम्ही पुण्यात चिवड्याचे चुरमुरे घेता, ते नाही चालत, भडंगाचे वेगळे लागतात. लसूण सालीसकट ठेचायचा, शेंगदाणे लाल होईपर्यंत तळायचे, आणि तिखट घालताना हात आखडायचा नाही. तुमच्या झाडाच्या कढीपत्त्याच्या दोन काड्या त्या विटेतनं सरकवा. आणि संध्याकाळी चहाला या, काकूंनी बोलावलंय. हो, त्यांनीच. वहीतलं मधलं बरंच वाचायचं राहिलंय, कालच्या पाहुण्यांना गाडी होती. चष्मा घेऊन या मात्र, काकूंचं अक्षर फार बारीक आहे.